हाल्लायार्वीचा होकार

हाल्लायार्वी, १४ ऑक्टोबर

चि. ताउनो यास,

आशीर्वाद. तो धाकट्या भावाला आहे. मंत्र्याला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

काल टीव्हीवर तू सांगितलंस, की गावाच्या इस्पितळातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायला हाल्लायार्वीची हरकत नाही. म्हणे तू स्वतः सभा घेतलीस आणि एकही माणूस विरोधात बोलला नाही. टाय चांगला होता. बाकी सगळं खोटं होतं.

मी त्या सभेत होते. चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं भिंतीला टेकून उभी होती. कुणी तोंड उघडलं नाही हे खरं. पण कुणी तुझी कॉफीही घेतली नाही. वेलचीच्या पावांची ताटं भरलेली परत गेली. आपल्या गावात माणूस कॉफीला हात लावत नाही तेव्हा तो काय म्हणत असतो, हे तुला मी शिकवायचं? हो म्हणायला इथल्या माणसाला एक शब्द लागतो. नाही म्हणायला तोही लागत नाही.

शेजारच्या मेर्वीचे दिवस जानेवारीत भरतायत. मोठं इस्पितळ जंगलापलीकडे आहे. तेवढं लक्षात ठेव.

तुझी अजून तरी बहीण,
हेल्वी

हेलसिंकी, २२ ऑक्टोबर

ती. हेल्वीताईस सा. न.

रागावून का होईना, तू लिहिलंस. बरं वाटलं.

ताई, त्या वॉर्डात डॉक्टर म्हणून मी अर्धं आयुष्य काढलं आहे. आता तिथे बाळंतपणं इतकी थोडी होतात, की नर्सेसच्या हातांची सवय मोडते. सुट्टीच्या दिवशी भूल द्यायला कुणी नसतं. मोठं इस्पितळच सुरक्षित. तू मास्तरीण, तुला माणसं दिसतात. मला आकडे बघावे लागतात. सभेत मी पुन्हापुन्हा विचारलं, कुणाला काही म्हणायचं आहे का. आता मी काय मनं वाचू?

मेर्वी माझ्याच हातावर जन्मली. तिला सांग, शेवटचे आठवडे आमच्याकडे येऊन राहा. पाहुण्यांची खोली रिकामीच असते.

शिव्या दे, पण कान धरायचा हक्क सोडू नकोस.
ताउनो

हाल्लायार्वी, २ नोव्हेंबर

चि. ताउनो यास,

आशीर्वाद, हात आखडून.

हो, मनं वाच! तीच तर वाचायचास तू. मेर्वीचा आजोबा तुझ्या दवाखान्यात येऊन ठोंब्यासारखा बसला होता, आठवतं? तू दार लावलंस आणि खिडकीबाहेर बघत तूही गप्प बसलास, त्याने आपणहून शर्टाची बटणं काढेपर्यंत. त्या बसण्यासाठी गावाने तुला मतं दिली. भाषणांसाठी नव्हे, भाषणं तुझी तेव्हाही रद्दीच होती. राजधानीत गेलास आणि बडबडणाऱ्यांत रमलास. आता जो ओरडत नाही त्याला दुखत नाही, असं तुला वाटतं. डॉक्टरने हे म्हणावं?

खोलीचा निरोप दिला. मेर्वी हसली. तिने विचारलंय, दोन पोरं आणि गोठ्यातल्या गाई त्याच खोलीत मावतील का. आणि मी विचारते, या भागातल्या बाकीच्या बायांचं काय? किती खोल्या आहेत तुझ्या घरात, मंत्रिसाहेब? आकडे बघतोस ना, मग त्यात जानेवारीतला आपला रस्ता कुठे आहे ते दाखव.

सही करू नकोस. भावाला विनवत नाही, डॉक्टरला बजावते आहे.

हेल्वी

हेलसिंकी, ११ नोव्हेंबर

ती. हेल्वीताईस सा. न.

सही केली. वर्ष संपताच वॉर्ड बंद होईल. रुग्णवाहिका नवी देतो आहोत, चालकांना प्रशिक्षणही. आज तुम्हा सगळ्यांना राग आहे. पुढे कधीतरी माझे आभार मानाल.

नाताळला येईन म्हणतो. वाफ घ्यायला सौना तापवून ठेवशील ना?

ताउनो

हाल्लायार्वी, १९ जानेवारी

ताउनो,

नाताळला सौना तापवला नाही आणि तू आला नाहीस, हे बरंच झालं.

मंगळवारी दुपारी मेर्वीला कळा सुरू झाल्या. बर्फ असं पडत होतं, की रस्ता साफ करणारी गाडीही मागे फिरली. तुझी नवी रुग्णवाहिका जंगलात रुतली. चालक कौको एकटा होता. पोर अडलं. बाहेर आलं ते निळं. प्रशिक्षणात शिकवलं होतं ते सगळं त्याने केलं. पोराने थोडे श्वास घेतले, मग तेही विरळ झाले.

मूल जायला लागलं की जवळ असेल त्याने बाप्तिस्मा द्यायचा, हे कौकोला त्याच्या आईने शिकवलं होतं. त्याने ओंजळीत बर्फ वितळवलं. पण नाव? बाप्तिस्म्याआधी आपल्याकडे ते कुणी सांगत नाही. मेर्वीने सासूलाही सांगितलं नव्हतं. कौकोने तिच्या तोंडाशी कान नेला. तिने सांगितलं. त्याने ते नाव घेऊन पोराच्या डोक्यावर पाणी ओतलं. थोड्याच वेळाने पोर गेलं.

मेर्वी वाचली. तुझ्या मोठ्या इस्पितळात आहे. काल मी तिला भेटले. नाव तिने उन्हाळ्यातच ठरवलं होतं, ती जन्मली तेव्हा ज्याच्या हातांनी तिला पहिल्यांदा धरलं त्याचं. तुझ्या सहीनंतर बदलावंसं वाटलं नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नाव डॉक्टरचं होतं, हेल्वीताई. मंत्र्याला मी कुठे ओळखते?"

रविवारी पुरतो आहोत. आलास तर कबर कुठली, हे तुला कुणाला विचारावं लागणार नाही. क्रॉसवर नाव लिहिलं आहे, ताउनो.

लोभ होता.
हेल्वी