न्हाणीघरामागचं किराईत

३ मे
आजपासून जबाबदारी माझी. बायकोचा, वागिनेमचा, गुडघा सुजलाय, डॉक्टरांनी डोंगर चढणं बंद केलं. तिच्या कडू जामूला, म्हणजे ती दारोदार विकते त्या औषधी काढ्याला, लागणारं रानकिराईत आता मी आणणार. गावात तिचं नाव आहे ते या कडू जामूवरच. बाकीच्या बायका बाटल्यांत भरून विकतात ते नुसतं सरबत. बायकोला शब्द दिलाय. पोस्टात उभी हयात गेली माझी, शब्द म्हणजे रजिस्टर्ड. उद्या पहाटे निघणार.

४ मे
पहाटे पाऊस येईलसं वाटलं. आला नाही. नऊला निघालो. थोडं चढल्यावर दम लागला (चपला नव्या). बसून विचार केला. माणसाने रोज उठून झाडाकडे जायचं हा मागासलेपणा आहे. झाडाने माणसाकडे यावं. वाटेकडेची रोपं मुळासकट उपटून आणली, न्हाणीघरामागे लावली.
वागिनेमला म्हटलं, साठा संपला की सांग, डोंगरचं किराईत तयार आहे. यात खोटं काय? जन्म डोंगरावरचाच.

२६ मे
काय पानं! डोंगरावर बिचारी खडकात करपून नखाएवढी राहतात. माझ्याकडे बोटभर लांब. दोन वेळा पाणी, लेंडीखत, दुपारी माझ्या जुन्या सारोंग-लुंगीची सावली. एकदम सायंटिफिक. पहिली जुडी वागिनेमला दिली. पानं उलटीसुलटी करत म्हणाली, यंदा डोंगराने बाळसं धरलंय. कौतुकच ते.

९ जून
जुमादी गवंडी म्हणतो, जामू कडू लागत नाही. येता-जाता तळलेली केळी खाणाऱ्याची जीभ ती! दुर्लक्ष.

१५ जून
लेगिनी मावशींनीही जामू बंद केला. त्यांना दात नाहीत. कडूपणा बहुधा दातांना कळतो. वाचून बघायला हवं.

२० जून
वागिनेम भरलेल्या बाटल्या तशाच घेऊन परत आली. पायरीवर बसून गुडघा चोळत होती. म्हणाली, "इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं हो. माझ्या हातालाच गुण राहिला नाही वाटतं." वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सांगणारच होतो, पण ती दमलेली होती.
खत दुप्पट केलं.

२४ जून
सोलो शहरातल्या विद्यापीठातून निंग्रुम नावाची मुलगी आली आहे. झाड तेच, पण जागा बदलली की त्यातलं औषध कमीजास्त होतं म्हणे. ते ती गावोगावची पानं गोळा करून मशीनवर मोजते. आपल्या डोंगराच्या उतारावरचं किराईत तिने स्वतः गोळा केलं. माझी जुडी मी न मागता दिली. कुठली, विचारलं. म्हटलं, थेट शिखरावरची. एकदा निकाल लागू दे, वागिनेमची गिऱ्हाइकं धावत येतील.

१७ जुलै
जामूवाल्या बायकांच्या बैठकीत निकाल. उतारावरचं किराईत सगळ्यांत जोरदार. शिखरावरचं शेवटून पहिलं. निंग्रुम म्हणाली, जे कडू तेच औषध, आणि उन्हातान्हात, खडकात हाल सोसणारं झाडच ते साठवतं. मग माझी जुडी वर धरून म्हणाली, "हे मात्र नीट खाऊनपिऊन वाढलंय. शिखरावर पाणी कोण घालतं, काका?"
सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. वागिनेमने बघितलं नाही. ते जास्त लागलं.
घरी आल्यावर तिला समजावलं, की मशीन परदेशी, त्याला आपल्याकडच्या कडूची काय पारख? माझ्या जिभेला विचार. तिने पेला पुढे केला. घोट घेतला. अंग शहारलं, डोळे गच्च मिटले, म्हटलं, "जहर आहे, जहर!"
म्हणाली, "चहा आहे. साखर घातली नाही."

१८ जुलै
उजाडताच वागिनेम गुडघ्याला फडकं बांधून डोंगराकडे निघाली. आडवा गेलो. म्हटलं, तू बस, मी जातो, चुकलं माझं. म्हणाली, "चला की. मी कुठे नको म्हणते?" दोघं निघालो. मनाशी पक्कं केलं, चढणीवर तिला आधार द्यायचा.
चढण लागल्यावर तिने माझ्या हातातली टोपली घेतली. खडक आला तिथे हात धरून मला वर ओढलं.