इस्त्री आणि होम थिएटर

अहो,

सूनबाईला माहेराहून आणायला निघालेय.

तुमचं होम थिएटर ती मुद्दाम बंद पाडत नव्हती हो. आज घरात एकटीच होते, म्हणून कीर्तन लावलं आणि मधल्या खोलीत, ती रोज करते तिथंच, इस्त्रीचं बटण दाबलं. बुवांचा स्वर ऐन रंगात तुटला! या जुन्या घरात दिवाणखाना आणि मधली खोली एकाच लाइनवर आहेत. इस्त्री तापू लागली की व्होल्टेज उतरतं आणि तुमचा सेट मान टाकतो.

मग इस्त्री निजायच्या खोलीत नेली, तिथली लाइन वेगळी आहे. आवाज भिंतींतून पाझरत आला. पडदे हलत होते, कपड्यांना उबदार वास सुटला होता, आणि वाटलं, अख्खं घरच तालावर डोलतंय. तुमच्या एकाच सदऱ्यावर किती वेळ इस्त्री फिरवत राहिले, देव जाणे.

वायरमन उद्या येईल. तोवर बोर्डात बोटं घालू नका.

पाहुण्यांदेखत "ही मला सुखानं ऐकू देत नाही" म्हणालात, ते पोरीच्या जिव्हारी लागलंय. भरल्या ताटावरून उठून गेली ती.

आम्ही दारात येऊ तेव्हा सेट बंद असू दे. आधी तिला तुमचा आवाज ऐकू येऊ दे.