कुंकवाखालचा नंबर

रविवार, संध्याकाळ. हिंडलगा.

बोट अजून लाल आहे.

निपाणीला जुनी जीप बघायला गेलो, हे आणि मी. विकणारे अण्णा गोड बोलणारे. इंजिन बदललंय हे त्यांनी आपणहून सांगितलं, वर ‘कागदावर चढवलंय सगळं’ म्हणाले. ह्यांनी एक चक्कर मारली आणि तिथंच खूश. ‘लई मऊ चालतंय गं.’ नुसत्या आवाजावर गाडी घ्यायची? उद्या पोलिसांनी अडवली तर जाब कोण देणार?

मी बॉनेट उघडायला लावलं. इंजिन नंबराच्या जागेवर नेमकं खंडेनवमीचं हळदकुंकू, थरावर थर. ह्यांनी हातच मागे घेतला. ‘पूजेचं हाय, कशाला पुसतीस?’ क्षणभर मलाही वाटलं, राहू दे. मग इंजिनाला नमस्कार केला आणि बोटानं कुंकू पुसलं.

आरसीत जुन्याच इंजिनाचा नंबर होता. मी दोन्ही नंबर मोठ्यानं वाचले, दोनदा. अण्णा खाली बघायला लागले. मग म्हणाले, ‘आक्का, आधी आरटीओत चढवून घेतो, मग या तुम्ही.’

‘व्हय, नवी आरसी दाखवा, मग येतो,’ मी म्हटलं.

परतताना संकेश्वरला चहाला थांबलो तेव्हा ह्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. ‘जुनी गाडी बघाय जाशील तवा वहिनीला घेऊन जा रं.’ मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आता जेवायला बसायचं तर हात धुवावा लागणार, बोटावरचं कुंकू जाणार.

आज चमचा घेते.