म्युनिक की हुसुम

३ फेब्रुवारी, सोमवार

जर्मनीतून दोन्हीकडून नोकरीचं हो आलं! म्युनिकच्या दवाखान्याचं सकाळी, हुसुमच्या दवाखान्याचं संध्याकाळी. वर्षभर कोणी विचारत नव्हतं आणि आज एकदम दोघं. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं.

घरात थांबवेना. जितू हिंगण्याहून कंपनीच्या बसनं येतो, तर मी खाली रस्त्यावरच जाऊन उभी राहिले. सांगितलं तर पानठेल्यासमोर मिठी मारली त्यानं! ठेलेवाला पाहतच राहिला. आणि पुढचाच शब्द — "म्युनिकच ना?"

मी म्हटलं, बघू.

त्याचा चेहरा जरा उतरला.

६ फेब्रुवारी

दिवसभर फोनवर नकाशा उघडा. म्युनिक मोठं. मेट्रो आहे, भारतीय किराणा आहे, मराठी मंडळ आहे, गणपती बसतो. हुसुम पार वरच्या टोकाला, समुद्राला लागून. जितूच्या काटोल गावापेक्षाही लहान. फोटोंमध्ये नुसतं आभाळ, ओली जमीन आणि मेंढ्या. माणूस नाहीच. मला तेच आवडलं. का, ते जितूला नीट सांगता आलं नाही.

"तुले तं दवाखाना राहीन," तो म्हणाला. "मले काय राहीन तिथं? मेंढ्या?"

खरं आहे. मी नर्स म्हणून जाणार, तो माझ्यामागे. इथं चांगला क्वालिटीचा इन्स्पेक्टर आहे, हाताखाली चार माणसं. तिथं भाषा येईपर्यंत काहीच नाही. नागपुरातल्या सदर भागातल्या जर्मन क्लासला शनिवारी येतो, मागच्या बाकावर बसतो आणि पेंगतो. गर्दीत निदान कोणाशी बोलता येईल, एवढंच त्याचं म्हणणं. मला कळतं. तरी हुसुमचाच फोटो परत परत काढते.

८ फेब्रुवारी

ड्युटीवर लक्ष नाही. एकाच आजोबांचं बीपी दोनदा घेतलं. "अजून जिवंत आहे ना मी?" — आजोबा!

९ फेब्रुवारी, रविवार

लिहून काढल्याशिवाय झोप नाही यायची.

म्युनिकच्या मंडळाच्या पुष्पलताकाकू — जितूनं त्यांचा नंबर मिळवला होता. आज व्हिडिओ कॉल झाला. पन्नाशीच्या असतील. गोड बाई. बोलणं अगदी रेडिओवरच्यासारखं स्वच्छ. म्हणाल्या, मूळची मी पुण्याची. घराच्या वरची खोली एप्रिलपासून रिकामी होतेय, ती तुम्हाला देते. "नवं जोडपं आलं की आम्हालाही बरं वाटतं." जितू नुसता फुलला होता.

मग एकदम त्यांनी विचारलं, "दीक्षा, तुझं माहेरचं आडनाव काय गं?"

मी तोंड उघडलं. जितूनं माझ्याआधी सांगून टाकलं — "वानखेडे." आणि लगेच, "खोलीले गॅलरी आहे का हो?"

मी सोमकुवर आहे. वानखेडे आमच्या सात पिढ्यांत कोणी नाही. पण वानखेडे त्याच्याकडे कुणब्यांतही असतात आणि आमच्याकडे बौद्धांतही. ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. इतकं बेमालूम आडनाव ऐनवेळी सुचत नाही! त्यानं ते काढून ठेवलं होतं. कधीपासून?

१० फेब्रुवारी

बोलले नाही.

११ फेब्रुवारी

बोलले. नको तेवढं बोलले.

"मी तं तुह्यासाठीच केलं वं. पहिल्याच फोनवर कायले —"

"कायले काय?"

तो उठून सिंककडे गेला.

"बाबूजीले तू माझं नाव नाही बदलून सांगितलं. मग हिले काहून?"

हे लागलं त्याला. कारण बाबूजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्यानं खरंच तोंडावर सांगितलं होतं — मुलगी कोण, कुठली, सगळं. म्हणून तर ते दोन वर्षांत आमच्या दारात आले नाहीत. संत्री घेऊन कळमन्याच्या बाजारात येतात, माल विकतात, आल्या गाडीनं परत जातात. ओरडले नाहीत, काही बोलले नाहीत. नुसते येत नाहीत. सासूबाई ड्रायव्हरच्या हाती संत्र्यांची पिशवी पाठवतात आणि फोनवर विचारतात, गोड निघाली का.

जितूनं दोन कप विसळून पालथे घातले. "तेव्हा मले वाटलं होतं सांगितलं की होऊन जाते. नाही झालं ना. आता अजून एक दार बंद होताना नाही पाहवत मले."

मला त्याचा राग आला आणि कीवही. दोन्ही एकाच वेळी. कुठं ठेवू?

१४ फेब्रुवारी

ठरलं — हुसुम. जितूच म्हणाला, "चाल. मेंढ्या तं मेंढ्या." हसला नाही.

जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं.

१५ फेब्रुवारी

खरं कारण इथं तरी लिहून ठेवते. इथली नोकरी लागली तेव्हा मी दवाखान्याजवळ खोली बघत होते. एका बिल्डिंगमध्ये मालकीणबाईंनी चहा दिला, नळाला पाणी किती वेळ येतं ते सांगितलं, किल्लीही हातात दिली. मग आडनाव विचारलं. संध्याकाळी दलालाचा फोन — "मॅडम, ती खोली गेली." लग्नानंतर जितूच्या नावानं त्याच बिल्डिंगमध्ये विचारलं, तर रिकामी! आम्ही घेतली नाही. पण तो चहा आठवतो. चहा देईपर्यंत बाई किती चांगली होती! पुष्पलताकाकूही किती चांगल्या आहेत. म्हणूनच मला चांगल्या माणसांची भीती वाटते.

हुसुममध्ये आडनावातलं कोणाला काय कळणार? सोमकुवर काय, वानखेडे काय. मला तेच पाहिजे.

१६ फेब्रुवारी, रविवार

इंदोऱ्याला आईकडे गेले. आई सांबारवडीसाठी कोथिंबिरीचं सारण परतत होती. रिटायर झाली तरी बोलणं अजून मास्तरीणबाईचंच. तिला सगळं सांगितलं — वानखेडे, भांडण, हुसुम. वाटलं, जावयाला चार शब्द सुनावेल. सारण उतरवलं, पदराला हात पुसला.

"तिथं कोणी विचारणार नाही, म्हणून जाऊन राहिली तू?"

"हो."

"मग जितेंद्रवर कायले चिडली? त्यानं तुह्यं नाव लपवलं. तू तं अख्खीच लपून राहिली."

"तुले काय माहीत तिथलं?"

"तिथलं नाही माहीत. तुले ओळखते ना मी."

वडी तळायची होती. मी थांबलेच नाही. स्कूटी काढली ती कामठी रोडला लागले, उगाचच. पुढं ट्रकच ट्रक. एका पेट्रोल पंपावर उभी राहिले. टाकी भरलेली होती. पोरगा विचारतो, "ताई, कितीचं?" मी म्हटलं, काही नाही, हवा बघ.

परत गेले. आई तशीच बसलेली. तळलेल्या वड्या झाकून. दोघींनी एकाच ताटात खाल्ल्या.

१७ फेब्रुवारी

आईचा राग आहेच. ती बरोबर बोलली, त्याचा जास्त आहे.

१९ फेब्रुवारी

जितूला आज सुट्टी होती. त्याला म्हटलं, मी काकूंना फोन करून राहिली. माझं आडनाव सांगणार आहे. तो शेजारी येऊन बसला. माझ्यापेक्षा तोच घाबरला होता.

"काकू, माझं माहेरचं आडनाव सोमकुवर. वानखेडे नाही. आम्ही बौद्ध आहोत. मी नागपूरची, इंदोऱ्याची."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," त्या म्हणाल्या. मग परत, "बरं झालं सांगितलंस. माझ्याकडे ना, पाहुणे आलेत. नंतर बोलू हं." कट.

जितूनं घड्याळ पाहिलं. तिथं सकाळचे साडेसात. "एवढ्या सकाळी कोणते पाहुणे वं?" मग हळूच म्हणाला, "गेली खोली."

आणि मला हसू फुटलं! खरंखुरं. तोही हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

२३ फेब्रुवारी

काकूंचा फोन नाही. जितूनं मेसेज टाकला होता, त्यांनी वाचला, उत्तर नाही. तेच ते. म्युनिक काय आणि ती बिल्डिंग काय.

पण गंमत म्हणजे मला झोप लागते आहे.

२५ फेब्रुवारी

जितूला म्हटलं, म्युनिक.

"आता काहून? आता तं ते बाई पण नाही बोलून राहिली!"

"म्हणूनच."

समजावून सांगताना माझंच मला कळत गेलं. हुसुमला मी नोकरीसाठी नव्हते चालले, पळत होते. आणि त्या पळण्यात जितूला मुकं करून नेत होते. म्युनिकला कोणी विचारेल तर विचारू दे. मी सांगेन. दार बंद झालं तर दवाखान्याचं हॉस्टेल आहे, पहिले सहा महिने एक खोली देतात. लहान आहे. चालेल.

जितू म्हणाला, "पुढच्या बारीले तुह्या आधी नाही बोलणार मी."

"बोल ना. सोमकुवर म्हण."

मेल लिहिला. पाठव म्हटलं तर म्हणतो, दोघं मिळून दाबू. बोटावर बोट ठेवून दाबलं. लहान पोरांसारखं!

२७ फेब्रुवारी

पुष्पलताकाकूंचा फोन. आधी मी जेवले का ते विचारलं. मग —

"मी पुण्याची नाही वं. मी कामठीची. माहेरची गजभिये, बौद्धच. इतके वर्ष झाले इथं, नवऱ्याशिवाय कोणालेच माहीत नाही. तुह्यं नाव दीक्षा ऐकलं अन् वाटलं, आपलीच पोरगी असन, म्हणून विचारलं. त्यानं वानखेडे म्हटलं तं मी चूप बसली. अन् मग तू खरं सांगितलं, तं मले भेवच वाटला — आता मलेही सांगा लागन."

रडत होती. मग म्हणाली, "खोली ठेवली आहे. येशीन ना?"

"येते, मावशी," मी म्हटलं.