टांगलेल्या क्रँकचा आवाज

बाबा, मागच्या महिन्यात मी एका इंजिनात क्रँकशाफ्ट, त्याच्या पोटात फिरणारा तो मुख्य दांडा, बसवला. तुम्ही असतात तर तो माझ्या हातातून काढून घेतला असतात.

गौलीगुड्याच्या वर्कशॉपात तुम्ही लॉऱ्यांचे क्रँक घासायचात आणि शाळा सुटली की मी तिथंच येऊन बसायचे. घासायच्या आधी तुम्ही क्रँक दोरीनं टांगायचात, छोट्या हातोडीनं टिचकी मारायचात. चांगला असेल तर तो लांबवर घुमत राहायचा. एकदा तुम्ही मला विचारलंत, ‘‘कसा आहे?’’ मी वहीतून मान वर न करता म्हटलं, ‘‘चांगला.’’ तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. ‘‘ऐकलंस, की ऐकल्यासारखं केलंस?’’ पुन्हा मारलीत, तर आवाज दोन क्षणांत विझला. कुठंतरी आत चीर होती. लॉरीचा मालक ‘‘उस्ताद, चलता है, लगा देव’’ म्हणत उभा होता, आणि तुम्ही त्याच्यादेखत करवतीनं त्या क्रँकचे दोन तुकडे केलेत. ‘‘ये बाहर गया तो किसी का हाथ-पाँव लेको जाता,’’ एवढंच म्हणालात. 

आता याच शहरात, तारनाक्याजवळ, माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. पुण्याहून इथं नोकरीला आलेला एक जण त्याची गाडी घेऊन आला. मोठा टर्बो लावायचा, ताकद तिप्पट करायची आणि ट्रॅकवर पळवायची. कंपनीचा ओतीव क्रँक एवढा दाब सोसणार नाही, घडीव पोलादाचाच लागेल, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. नवा यायला तीन महिने लागणार होते. त्यानं एका मोडीत निघालेल्या रेसच्या गाडीतला घडीव क्रँक मिळवला. मी सगळी मापं घेतली. कुठं केसाइतकाही फरक नाही. मग सवयीनं टांगला, टिचकी मारली. घुमला, पण लवकर थांबला. मी पुन्हा मारली. पुन्हा तसंच.

‘‘चुंबकी पावडर लावून चीर तपासायला हवी,’’ मी म्हटलं. तो तपास करणारा माणूस आठवडाभर गावाला गेला होता. ‘‘ताई, रविवारी ट्रॅक बुक आहे. बायको शेजारी बसणार आहे. मापं बरोबर आहेत ना? मग?’’ मी त्याला आवाजाचं सांगितलंच नाही. कानाचं काय सांगणार, त्याला आकडे कळतात, असं स्वतःला समजावलं. आणि बसवला.

शुक्रवारी गाडी रोलरवर चढवून ताकद मोजायची होती. पहिल्या दोन फेऱ्या सुरळीत गेल्या. तो स्टिअरिंगवर बसून फोनवर व्हिडिओ काढतोय, मी दाराशी उभी आहे. तिसऱ्या फेरीला काटा वर चढतो आणि माझ्या तळपायांना जमिनीतून एक थरथर लागते, इंजिनाच्या लयीबाहेरची. कानाला अजून काहीच नाही. मी ओरडले, ‘‘बंद करा!’’ त्याला वाटलं, बेल्ट गेला. मला माहीत होतं काय गेलंय.

इंजिन त्याच्यासमोर खोललं. पिस्टनचा दांडा जिथं बसतो त्या दुसऱ्या पिनच्या कोपऱ्यात, गोलाईपाशी, काळी बारीक रेघ अर्धा वळसा घालून आली होती. आणखी थोडं ताणलं असतं तर क्रँक तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला असता. त्यानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग बायकोला फोन लावून रविवारचं रद्द केलं.

निघताना तो पाया पडायला वाकला. ‘‘ताई, तुमच्यामुळे वाचलो.’’ मी त्याचे खांदे धरून त्याला उभं केलं, पण आवाजाचं तेव्हाही सांगितलं नाही. तो क्रँक मी त्याच दिवशी कापला. नव्याची ऑर्डर दिली आहे, तीन महिने थांबायला तो आता आनंदानं तयार आहे. चार जणांना माझं नाव सांगतो. परवा त्यातला एक आलाही, आणि मला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, त्याला तर नाहीच. आणि खरं सांगू बाबा, तुम्ही हयात असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.