मागच्या दारचं पाणी

८ नोव्हेंबर
झोपेची गोळी आज घेतली नाही. खाल्ली की दुसऱ्या दिवशी डोकं जड, भात करपतो. शांताक्का म्हणाली, "सांजचं तुळशीकडं दिवा लाव आनि तिथंच उगी बस. काय मागू नको. तुझ्या परसूला परत आन म्हणून बी न्हाई." ती अंगणवाडीत आहे, माझी एकुलती एक मैत्रीण. म्हटलं, मागायचं नाही तर बसायचं कशाला? "बसून बघ की."

हे जाऊन दोन पावसाळे झाले. म्हैस हुडकायला रानात गेले. म्हैस दुसऱ्या दिवशी आपसूक आली.

९ नोव्हेंबर
बसले. वात नीट पेटेपर्यंतही दम निघेना. गोठा, भाताची कापणी, सासूबाईंचं औषध. उठले.

१३ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न. ऊस, चिंचा, आवळे. आलेल्या बायका माझ्या कपाळाकडं बघतात. कुंकू आहे. असणार.
सगळ्या गेल्यावर बसले. रातकिडे. दिवा विझला तेव्हा भान आलं. रडू आलं नव्हतं, हे आत आल्यावर ध्यानात आलं.

२२ नोव्हेंबर
मळणी. हात सोलले. तरी सांज कधी होते असं होतं आता. श्वास आत, श्वास बाहेर, तेवढंच बघते. कुणी शिकवलं नाही. गोळ्या फळीवर मागं ढकलल्या.

सा.बा. चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "मागच्या दारी कोन पाय धुतंय बघ गं."
म्हातारीला कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही. ओरडून सांगितलं, कोण न्हाई आत्ती!
"हाय," म्हणाल्या.

२३ नोव्हेंबर
आज दिवा झाल्यावर मुद्दाम मागं गेले. पाय धुवायचा दगड ओला. सा.बा. हात धरल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत.
सांबर असेल. पाण्याला येतात. सांबरच.

३० नोव्हेंबर
पुन्हा ओला. रोज नाही. ज्या सांजेला मन नीट लागतं, त्याच सांजेला.
कुत्रं भुंकत नाही. पडवीत वाटेत आडवं पडलं होतं. उठलं, बाजूला सरकलं, परत पडलं. घरच्या माणसाला वाट देतं तसं.

४ डिसेंबर
शांताक्काला सांगितलं. शेंगा सोलत होती, तिचा हात थांबला.
"तू मागितलंस काय?"
न्हाई.
"हाक मारलीस?"
न्हाई.
"मग बस. पन माघारी वळून बघू नको."
का, म्हटलं. ती शेंगा तशाच टाकून आत गेली.

५ डिसेंबर
दिवा लावला नाही. दार लवकर लावून घेतलं.

१० डिसेंबर
अजून लावला नव्हता. गोळी घेऊनही डोळा लागत नाही. छातीत परत ते सुरू, कुणीतरी आतून गाठी मारत असल्यासारखं. म्हैस परत आली तेव्हा तिच्या शिंगाला वेल गुंडाळलेला होता, तेच सारखं दिसतं.
सा.बां.नी पेज तोंडाला लावली नाही. "भाईर उभा हाय त्यो. तूच आत घेईनास." दगड खडखडीत कोरडा.
आज लावला. वात धरली आणि गाठ सुटली. म्हातारीनं पेज मागून घेतली, वर लोणचं मागितलं.
काय समजायचं ते समजा.

१४ जानेवारी
संक्रांत. बरेच दिवस लिहिलं नाही, लिहायची गरज वाटली नाही. भीती गेली, कशी ते माहीत नाही. बसते तेव्हा पाठीमागं पायरीवर कुणीतरी टेकतं. वळत नाही. श्वास ऐकू येतो, माझ्याच चालीचा. मी लांब घेतला की तोही लांब. मग दोन्ही मिळून इतके हळू होतात की...

शांत वाटतं. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून एवढी शांत नव्हते. आज शेजारणीशी हसून बोलले. तिळगूळ वाटला.

वास येतो, रानातल्या कुजक्या ओल्या पाल्याचा. ह्यांना विडीचा वास असायचा. तो येत नाही.
हे लिहायचं नव्हतं.

२५ जानेवारी
रामनगरहून भावजी आले. ह्यांचे थोरले, भुसाराचं दुकान आहे. भटजींना विचारूनच आलेत. माणूस मिळत नसला तर दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे.
"किती असं लोंबकळत ऱ्हायाचं, मंगल? त्याला बी वाट मोकळी, तुला बी."

आईच्या कानाशी ओरडून त्यांनी तेच सांगितलं. सा.बा. कडाडल्या, "जित्या मान्साचं दिवस घालतोस? आनि त्याच्याच म्होरं बोलतोस, लाज न्हाई?"

भावजी चटकन मागं वळले. पडवी रिकामी. हसल्यासारखं केलं त्यांनी, पण चहा अर्धा ठेवून उठले.

ते जाताना मी हो म्हटलं. उळवीची जत्रा झाली की करायचं. दोन वर्षं हाच शब्द तोंडातून निघत नव्हता. आज निघाला आणि आत काही हललं नाही. दिव्यापाशी बसल्यानं एवढं बळ आलं का?

सांजेला बसल्यावर मनात म्हटलं, कोण असाल ते, आता जावा. पहिल्यांदाच काही मागितलं.
पाठीमागचा श्वास थांबला. मी वळले नाही. थोड्या वेळानं परत सुरू झाला, अगदी जवळून.

१२ फेब्रुवारी
जत्रेच्या गाड्या खालच्या रस्त्यानं चालल्यात, बैलांच्या घुंगरांचा आवाज वरपर्यंत. भावजीही गेलेत, विधीआधी दर्शन घेऊन येतो म्हणाले. मी गेले नाही. सा.बां.ना टाकून कुठं जाणार?

१३ फेब्रुवारी
दुपारी शांताक्का पळत आली. आमच्या खोपट्यात रेंज नाही, माळावर तिच्या फोनवर भावजी. आवाज तुटत होता.
"मंगल, सापडला गं! आपला परसू! हितं जेवनाच्या मांडवात भांडी घासतोय. वळख देईना, बोलत बी न्हाई, नुसता बघतोय. पन त्योच. डाव्या पायाचं बोट न्हाई न्हवं, कोयता लागल्यालं? तेच. विडी मागतोय खुणेनं."
"नक्की?"
"आईच्यान. सख्खा भाऊ हाय माझा. उद्या घिऊन येतो."

माळावरच बसले. शांताक्का रडत होती, हसत होती, माझे हात चोळत होती. मला आनंद झाला. झाला, खरंच. मग तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं, आणि दोघींना एकदमच सुचलं. ती घरापर्यंत सोडायलाही आली नाही.

सांजेला दिवा लावला. लावायला नको होता का?
दगड ओला.

१४ फेब्रुवारी
सकाळपासून घर सारवलं, ह्यांचं धोतर उन्हात टाकलं, हुलग्याचं कढण केलं. सा.बां.च्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आत्ती, परसू सापडला! आज घरला येनार!"
वेड्या माणसाकडं बघावं तशा बघत राहिल्या. "हितं बसलाय न्हवं."
मग मान वळवली. भिंतीकडच्या पाटाकडं. कोणी हळू बोलत असलं की कान देतो तशी मान कलती धरली. ऐकलं.
"इचारतोय, कोन येनार हाय म्हणून."

मी चुलीत लाकूड सारलं. चुलीपाशी बसून हे लिहितेय. मन दिव्यापाशी असतं तसं गप्प आहे. ही शांती मला कुणी दिली, तेवढं कळलं असतं तर.

ऊन गेलं. दिवा लावलेला नाही. खाली ओढ्यापाशी जीप आली, भावजींचा आवाज, "मंगल, ए मंगल! दार उघड!"

उठणार तेवढ्यात सा.बां.नी माझा पदर धरला.
"तू बस. त्यो उठलाय उघडायला."