तिसऱ्या होलवरची रबरी चटई

सौ. विहीणबाईंना,

कंबर परवानगी देईल तेवढं वाकून नमस्कार. आपला गुडघा, व्याह्यांचा रक्तदाब आणि आपण दोघींनी मिळून लाडावून ठेवलेली नात, सारे ठीक असावेत. माझं विचाराल तर दात कमी झाले, धार तेवढीच आहे, असं सूनबाई म्हणते. हे पत्रही तिनेच लिहायला बसवलं. "आई, माझ्या आईची माफी मागा, नाहीतर मी तुम्हां दोघींशी बोलणार नाही," अशी तंबी मिळाली आहे. दोघींशी का, ते मला कळलं नाही. आपण त्या दिवशी बोललात कुठे? मी वेळच दिला नव्हता.

माफी मी मागणारच आहे. पण कशाबद्दल, ते आधी ठरलेलं बरं. (कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला चूक स्पष्ट सांगितल्याशिवाय माफी मिळत नसे. काही मुली त्यासाठी नव्या चुका करून ठेवत.) आपल्या गोल्फ क्लबचं तिसरं होल ते केवढं? आपल्या फाटकातून हाक मारली तर पलीकडे ऐकू जाईल एवढं. एका फटक्यात चेंडू ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर, दोन हलक्या टोल्यांत भोकात, झाले तीन. पार थ्री म्हणतात ते एवढंच. पण होल आखूड म्हणून सगळेच तिथे लोखंडी काठी घेतात, सगळेच त्याच हातभर चौथऱ्यावरून, म्हणजे टीवरून, मारतात, आणि बिचारं गवत सगळ्यांत आधी तिथलंच मरतं. म्हणून शहाणी माणसं चेंडू लाकडी खुंटीवर ठेवतात. खुंटी खिशात मावते. आपल्या पर्समध्ये तर एखादं झाड मावेल.

आपण खुंटी लावली नाहीत. चेंडूला हात लावण्याआधी सरावाचे फटके मारलेत, आणि दर फटक्याला गवताची एक ढलपी मुळासकट उडाली, पायपुसणं होईल एवढी. सराव बाजूच्या रानगवतात करावा, नाहीतर हवेत करावा. जमिनीशी आपलं काय वैर होतं देव जाणे. उडालेली ढलपी जागच्या जागी बसवून पायाने दाबायची, किंवा खड्ड्यात बी मिसळलेली वाळू भरायची, एवढं माणसाने करावं. आपण पुढे निघालात. पुढे म्हणजे सरळ ग्रीनवर, चाकांची गाडी ओढत (तिथे आम्ही खोकतोसुद्धा जपून), आणि भोकातला झेंडा उपटून असा फेकलात जसा कोणी भाला फेकावा.

त्यावर मी हळूच म्हटलं, "विहीणबाई, विहीरच खणायची असेल तर पाणाड्याला तरी विचारा." आता मेट्रनचं हळू म्हणजे वॉर्डच्या टोकाच्या खाटेपर्यंत, हे मला मान्य आहे. मागे खोळंबलेली मंडळी हसली, आपण मोटारीत जाऊन बसलात, आणि हे (म्हणजे आमचे हे) मात्र वाळूची बाटली घेऊन मांडी ठोकून बसले ते आपले सगळे खड्डे भरेपर्यंत उठले नाहीत.

यांचं आपल्याला माहीत आहे. खेळणं केव्हाच सुटलं. किती फटके झाले ते लक्षात राहत नाही. इस्पितळात मेट्रन होते, त्यामुळे या विसरण्याच्या आजारात पुढे काय काय होतं ते मला कोणी समजावून सांगावं लागत नाही, हाच काय तो त्रास. नातीचं नाव गेलं. मला हल्ली 'सिस्टर' म्हणतात. (मेट्रन होऊन निवृत्त झालेल्या बाईला ही पदावनती आहे, पण तक्रार कोणाकडे करायची?) हात मात्र विसरलेले नाहीत. ग्रीनवर चेंडू आदळून खळगा पडला की काटा तिरका खुपसून कडा मध्याकडे लोटतात. खालून उचकटत नाहीत, मुळं तुटतात म्हणून. मग वरून बुटाने हलकेच दाबतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "सिस्टर, वाचेल हे."

असो. माझ्या बोलण्याचा परिणाम उत्तम झाला. आपण यायच्या बंद झालात, आणि व्याह्यांनी, हिरवळ समितीचे अध्यक्ष या नात्याने, तिसऱ्या टीवर रबरी चटई अंथरली. आता ढलपी उडत नाही, खड्डा पडत नाही, गवत सुखात आहे. शिस्त जिंकली. माझं अभिनंदन कोणी केलं नाही, हेही शिस्तीतच बसत असावं.

तेव्हा माझा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता, आणि तो मोठ्याने मांडल्याबद्दल मी आपली माफी मागते. सूनबाईला हे पत्र जरूर दाखवावं.

आपली,
विहीण

ता. क. व्याह्यांना सांगून ती चटई काढवा. हे रोज सकाळी बाटली भरून तिच्यापाशी उभे राहतात. काल त्यांनी रबरावरच वाळू ओतली आणि पायाने दाबत राहिले. मग वर बघून विचारलं, "त्या खणणाऱ्या बाई आल्या नाहीत?" घरातल्या एकाही माणसाबद्दल त्यांनी असं विचारल्याला किती दिवस झाले, ते मला आठवत नाही.

ता. क. दुसरं. चटईशेजारच्या गवतावर मी स्वतः प्रयत्न करून पाहिला. कोणाचं लक्ष नाही असं बघून खुरप्याने एक ढलपी काढली. यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे फटक्याने उडालेलं नाही." खड्डा भरला नाही. मग काठीने मारून पाहिलं, तर माझा चेंडू नुसता स्वच्छ उडून ग्रीनवर पडला. आयुष्यात पहिल्यांदा मला चांगलं खेळल्याची लाज वाटली.

ता. क. शेवटचं, आणि हे सूनबाईला दाखवू नये. गुरुवारी सकाळी या. खुंटी आणू नका. सरावाचे फटके हवे तेवढे मारा. मी झाडांकडे तोंड करून उभी राहीन.